जाहिरातीची टिंगल जाहिरातवाल्यांनीच मागितली तर?

ताई, सप्रेम नमस्कार. मी २८ वर्षांचा आहे, मिरजेला एका पतसंस्थेत क्लार्क आहे. एका स्थानिक सांजदैनिकात दर रविवारी जाहिराती, मालिका-सिनेमे आणि इंटरनेटवर गाजलेल्या बातम्या यांवर विनोदी मजकूर लिहितो. मित्राच्या नादाने त्याचेच छोटे व्हिडिओ करायला लागलो आणि ते चांगलेच चालले. परवा पुण्याच्या एका जाहिरात एजन्सीचा फोन आला. त्यांच्या क्लायंटची नवी जाहिरात येते आहे, ती मुद्दामच बावळट केली आहे म्हणे. मी माझ्या पद्धतीने तिची टर उडवायची. माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे देतो म्हणाले. अट एकच, त्यांनी सांगितलं म्हणून केलं हे कुठे बोलायचं नाही. मित्र म्हणतो, 'टिंगलच तर करायची आहे, त्यात खोटं काय?' वडील म्हणतात, 'एवीतेवी लोकांची टवाळी करतोसच, निदान पैसे तरी घे.' माझं मन धजत नाही, पण का ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट. माझा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ आमच्याकडच्या एका सराफी दुकानाच्या जाहिरातीवरचा आहे. त्यात दुकानदाराची सून दागिने घालून संवाद म्हणते. तिच्या बोलण्याची मी नक्कल केली. तिचा मेसेज आला : 'सासऱ्यांनी उभं केलं म्हणून मी उभी राहिले. आता माझ्या मुलीला शाळेत चिडवतात.' मी अजून उत्तर दिलेलं नाही. कशावर हसावं आणि कशावर नाही, याला काही नेम असतो का? आणि कुणी नोटीस पाठवली तर?
— एक वाचक, मिरज

पैसे घेऊ नकोस. कारणं पुढे सांगते, पण एजन्सीवाले एकदोन दिवसांत पुन्हा फोन करतीलच आणि तेव्हा तुझ्याजवळ ठाम उत्तर हवं, म्हणून आधी हे.

मित्राचा प्रश्न वरवर बिनतोड आहे. जाहिरात बावळट, तू तिला बावळट म्हणणार, मग फसवणूक झाली कुठे? ती निवडीत झाली. आठवडाभर आपल्या डोळ्यांपुढून ढिगाने जाहिराती जातात. त्यांतल्या दोन-तीन तू उचलतोस. या आठवड्यात बघण्यासारखी होती ती ही, हे तू न बोलता सांगत असतोस आणि वाचक ते तुझं मत म्हणून घेतो. एजन्सीला हवी आहे ती तुझी निवड. एकदा ती हातात आली की तू त्या जाहिरातीला काय वाटेल ती नावं ठेव, त्यांना चालेल. कौतुक कर असं ते म्हणालेच नाहीत, यातच सगळं आलं.

माझं नोकरीतलं आयुष्य मुंबईत जाहिरातींचा मराठी मजकूर लिहिण्यात गेलं, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय बोलणं होतं ते मला माहीत आहे. टीव्हीवरचा सेकंद महाग पडतो. लोकांनी आपणहून एकमेकांना पाठवलेली क्लिप फुकट पडते. आणि कौतुकाची क्लिप कुणी कुणाला पाठवत नाही. पाठवतात ती टर उडवणारी. बघणाऱ्याच्या डोक्यात तुझा विनोद किती दिवस राहील आणि मालाचं नाव किती दिवस राहील, याचा विचार करूनच त्यांनी तुला फोन लावला आहे.

हे उघडपणे केलं तर मला त्यात वावगं वाटत नाही. २०२१ च्या आयपीएलच्या वेळी क्रेड कंपनीच्या जाहिरातीत राहुल द्रविड बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये अडकून संतापतो, बॅटने शेजारच्या गाडीचा आरसा फोडतो आणि 'इंदिरानगर का गुंडा हूँ मैं' असं ओरडतो. उभ्या आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस म्हणून जग ज्याला ओळखतं, त्याला असं बघून देश हसला. लोकांनी त्यावर मीम केले, दुसऱ्या कंपन्यांनीही विनोद केले. पण आपण एका जाहिरातीबद्दल बोलतो आहोत, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अमूलच्या ठिपक्यांच्या फ्रॉकवाल्या मुलीचंही तसंच. सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्या एजन्सीने १९६६ साली ती आणली आणि तेव्हापासून ती क्रिकेट, सिनेमा, राजकारण सगळ्यांवर कोट्या करत आली आहे. जयंत राणे यांनी वर्षानुवर्षं तिची चित्रं काढली. फलकावर लोण्याचं नाव ठळक असतं, कुणापासून काही लपवलेलं नसतं. विनोद करून पैसे घेणं मला मुळीच कमीपणाचं वाटत नाही. लपवून घेणं वाटतं.

आणि हा फक्त माझ्या वाटण्याचा प्रश्न नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या आधारे जून २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत एखाद्या मालाबद्दल बोलणाऱ्याचा कंपनीशी पैशाचा किंवा इतर संबंध असेल तर तो सांगायला हवा, असं म्हटलं आहे. जाहिरात व्यवसायाची स्वतःची संस्था, म्हणजे १९८५ साली मुंबईत सुरू झालेली अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, हिचेही सोशल मीडियावरच्या लोकांसाठी जून २०२१ पासून असेच नियम आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्न म्हणून, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला चकवण्याच्या क्लृप्त्या म्हणून, १३ प्रकारांना बंदी घातली, त्यांतला एक प्रकार आहे छुपी जाहिरात : बातमी किंवा एखाद्याने सहज टाकलेला मजकूर असल्याचं भासवून केलेली जाहिरात. तुला फोनवर जे करायला सांगितलं ते नेमकं हेच आहे. उद्या प्रकरण बाहेर आलं तर नाव तुझं निघेल. एजन्सीने तोंडी अट घातली आहे, त्याचा कागद तुझ्याकडे असणार नाही.

एजन्सीला असं सांग : व्हिडिओच्या सुरुवातीलाच 'ही जाहिरात आहे' असं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहीन आणि तोंडानेही म्हणेन; चालत असेल तर बोलू. फोनवर नको, मेलवर सांग. तयार झाले तर मग मानधनाचा विचार कर. पण मला वाटतं, तू हे लिहिलंस की तिकडून पुन्हा मेल येणार नाही.

आता या प्रस्तावापेक्षा मोठी गोष्ट. अशी छुपी मागणी तुला एकदा फोनवरून आली. न विचारता, न पैसे देता ती रोज येत असते. इंटरनेटवर गाजणाऱ्या बातम्यांपैकी कितीतरी बातम्या कुणीतरी गाजाव्यात म्हणून रचलेल्या असतात, आणि त्यावर हसणारा तू, रडणारा दुसरा, चिडणारा तिसरा, असे सगळे मिळून त्या पोचवत असतात. २ फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट आठव. पूनम पांडे या अभिनेत्रीच्या इन्स्टाग्राम खात्यावर तिचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू झाल्याचं जाहीर झालं. वाहिन्यांनी बातमी चालवली, लोकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या, काहींनी घाणेरडे विनोदही केले. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच व्हिडिओत येऊन म्हणाली, मी जिवंत आहे, हे जनजागृतीसाठी केलं. मागे असलेल्या एजन्सीला माफी मागावी लागली. आजार खरा आहे, भारतात हजारो बायका त्याने दगावतात, त्यावर लस आहे आणि आदल्याच दिवशी अर्थसंकल्पाच्या भाषणात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती देण्याला प्रोत्साहन देऊ असं अर्थमंत्री म्हणाल्या होत्या. एवढा महत्त्वाचा विषय हाताशी असताना त्यांनी मरणाची खोटी बातमी वापरली, याचा मला आजही राग येतो. ज्यांच्या घरात या आजाराने माणूस गेलं आहे, त्यांनी तो दिवस कसा काढला असेल?

पण तुझ्या कामाच्या दृष्टीने वार बघ. २ तारखेला शुक्रवार होता. खुलासा शनिवारी झाला. शुक्रवारी दुपारी ज्यांनी घाईने काही लिहिलं, मग ते हळहळीचं असो की टिंगलीचं, ते सगळे त्या मोहिमेचे बिनपगारी नोकर झाले. रविवारी लिहिणाऱ्याच्या हातात पूर्ण गोष्ट होती. तुझा रविवार ही तुझी ताकद आहे, ती व्हिडिओच्या नादात घालवू नकोस. बुधवारी काही गाजलं म्हणून बुधवारी रात्रीच बोललं पाहिजे, अशी तुझ्या वाचकाने तुला कधी अट घातली आहे का? थांब. दोन दिवसांत बहुतेक वेळा कळतं की बातमीच्या मागे कोण आहे.

छापील पानालाही हे लागू आहे. जानेवारी २०२५ मध्ये केरळात अनेक मल्याळम दैनिकांचं पहिलं पान २०५० सालच्या बातम्यांचं निघालं, आणि त्यात ठळक बातमी अशी की १ फेब्रुवारीपासून कागदी नोटा बंद. ती एका विद्यापीठाच्या परिषदेची जाहिरात होती. नोटाबंदी सोसलेल्या देशात सकाळी चहाच्या वेळी हे वाचून माणसं हादरली. आणि जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अ‍ॅपची शिफारस करतानाचा व्हिडिओ फिरत होता. चेहरा त्याचा, आवाजही हुबेहूब त्याच्यासारखा, पण व्हिडिओ बनावट होता. खुद्द सचिनने ते जाहीर केलं, मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. असा व्हिडिओ समोर आला आणि तू त्यातल्या सचिनवर विनोद केलास, तर भामट्याचं काम तू पुढे नेलंस. विनोद करायचा तर आधी बातमीदारासारखी खातरजमा कर. दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

मालिका आणि सिनेमांबद्दल थोडक्यात. प्रदर्शनाच्या आठवड्यात नायक-नायिकेचं भांडण, सेटवरचा अबोला, 'जवळच्या सूत्रांनी' दिलेली कुजबूज, या गोष्टी बहुतेक वेळा पोस्टर चिकटवण्याचाच भाग असतात. त्या सोडून दे. मालिकेत मात्र बघण्यासारखं बरंच असतं : सासू मरणाच्या दारात असताना सून स्वयंपाकघरात मसाल्याचं पाकीट कॅमेऱ्याकडे लेबल करून उभी राहते, हे प्रेक्षक रोज बघतात आणि त्यांना त्यावर कुणीतरी बोलायला हवं असतं. तिथे हसायचं ते पाकीट मध्ये घुसवणाऱ्याला. अभिनेत्रीने तर कागदावर लिहिलं होतं तेच केलेलं असतं.

इथून तुझ्या मुख्य प्रश्नावर येते, कशावर हसावं. मी जो नेम पाळत आले तो असा : दाव्यावर हसावं. जाहिरात काहीतरी सांगते, त्या सांगण्यावर. ते सांगणारं तोंड कसं आहे, ते ऐकणारा किती भोळा आहे, यावर हसण्याची वेळ क्वचितच येते. दावा हाताशी धरलास की विषय कधी संपत नाहीत, कारण दाव्यांना तोटा नाही.

एक उदाहरण बघ. विमल पान मसाल्याच्या जाहिरातीत दाण्यादाण्यात केसराचा दम असल्याचं मोठे मोठे नट सांगतात. २०२५ मध्ये जयपूरच्या ग्राहक आयोगाकडे एक तक्रार गेली, तिच्यात साधा हिशेब होता : केसर किलोला सुमारे ४ लाख रुपये आणि पुडी ५ रुपयांना, मग दाण्यादाण्यात केसर येईल कुठून? आयोगाने नटांना आणि कंपनीला नोटिसा काढल्या. त्या तक्रारीत एकही कोटी नाही, तरी ती वाचून कुणालाही हसू येतं. तू पतसंस्थेत काम करतोस. आकडेमोड तुझ्या बोटांत आहे. नक्कल करणारे शंभर आहेत. ५ रुपयांच्या पुडीत किती पैशांचं केसर बसतं हे मांडून दाखवणारा मराठीत मला फारसा दिसत नाही.

दुसरं उदाहरण. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटाच्या डब्यावरचं लेबल हातात घेऊन त्यातल्या साखरेवर एक छोटा व्हिडिओ केला आणि कंपनीच्या घोषवाक्याची फिरकी घेतली. कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्याने माफी मागून व्हिडिओ काढला. पण विषय थांबला नाही. बालहक्क आयोगाने कंपनीला विचारणा केली. २०२३ च्या अखेरीस कंपनीने साखरेचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटवलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, असं केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं. तुझ्या वडिलांना हे जरूर वाचून दाखव. टवाळी म्हणून जिची गणना होते, तिने देशभरातल्या मुलांच्या दुधाच्या पेल्यातली साखर कमी व्हायला हातभार लावला. हा मुलगा आई भोळी आहे म्हणून हसला नाही, जाहिरातीतल्या पोराच्या चेहऱ्यावर हसला नाही. त्याने डबा फिरवून मागची बाजू दाखवली.

डब्याची मागची बाजू, पडद्याचा तळ आणि 'अटी लागू' ही तीन ठिकाणं तू रोज वाचायला हवीस. टीव्हीच्या जाहिरातीत तळाला बारीक अक्षरांत जी ओळ येते तिला आमच्या धंद्यात 'सुपर' म्हणतात. वर नायक गरजत असतो आणि खाली सुपर त्याचं म्हणणं हळूच मागे घेत असते. मघाशी सांगितलेल्या २०२२ च्या तत्त्वांप्रमाणे ही टीप दाव्याच्याच भाषेत हवी, अक्षरांचा फॉन्टही दाव्याला वापरलेलाच हवा, आणि तिने दावा खोडून काढता कामा नये. मराठी जाहिरातीखाली इंग्रजी टीप दिसली की तुझा अर्धा लेख तयार झाला असं समज. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींना तर डिसेंबर २०२० पासून नियम होता की छापील जाहिरातीत धोक्याच्या सूचनेने किमान २० टक्के जागा घेतली पाहिजे आणि टीव्हीवर ती रोजच्या बोलण्याच्या वेगाने वाचली पाहिजे. प्रत्यक्षात ती कशी वाचली जायची ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्यानेच त्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली, ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून गेलं आणि आशिया चषकात आपले खेळाडू मुख्य प्रायोजकाविना कोरी छाती घेऊन खेळले. दोन वर्षं छातीवर जुगाराची पाटी बघायची आपल्याला किती सवय झाली होती, हे त्या कोऱ्या कापडाने दाखवलं. यावर लिहिण्यासारखं अजून खूप आहे.

इंटरनेटवरच्या खरेदीत तर पदोपदी विषय आहेत. मघाशी १३ डार्क पॅटर्न म्हटले, त्यांची सरकारी अधिसूचनाच मिळवून वाच. विमानाचं तिकीट काढताना विमा नको म्हटलं तर 'मी असुरक्षित राहीन' असं आपल्याच तोंडी वाक्य घालणारं बटण, हे उदाहरण तिथे दिलेलं आहे. न मागता टोपलीत शिरलेली एक रुपयाची देणगी, 'फक्त दोनच शिल्लक' असं सांगणारा पण दुसऱ्या दिवशीही दोनवरच अडलेला आकडा, सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सात पायऱ्या असलेली वर्गणी. वाचकाला हे रोज टोचतं, पण हा आपलाच वेंधळेपणा असं समजून तो गप्प बसतो. तू ते हसत हसत दाखवलंस की त्याला कळेल, यात आपली चूक नव्हती, हे ठरवून केलेलं होतं. माझ्या मते या सदराचं सगळ्यात मोठं काम हे आहे. लुबाडला गेलेला माणूस आधी स्वतःला मूर्ख समजतो. विनोदाने ती लाज उतरते आणि मग तो तक्रार करायला उठतो.

कधी कधी तर तुला विनोद करायचीही गरज पडणार नाही, नुसती नोंद पुरेल. एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल आम्ही ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा छापला. न्यायमूर्तींनी विचारलं, तुमच्या जाहिरातींच्या आकाराचा होता का? दुसऱ्या दिवशी मोठा माफीनामा छापून आला. हे जसंच्या तसं सांग. त्याला वरून चटका देऊ नकोस.

आता ती सराफाची सून. तुझं पत्र मी वाचलं तेव्हा एजन्सीच्या पैशांपेक्षा तिचा मेसेज माझ्या मनात जास्त राहिला. ज्यांचा धंदाच लोकांना हसवून माल विकण्याचा आहे, त्यांच्याही हातून हे होतं. जून २०२३ मध्ये झोमॅटोने पर्यावरण दिनाला एक जाहिरात केली. एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात कचरा नावाचं दलित पात्र होतं. त्याच नटाला घेऊन, त्याच नावावर श्लेष करून, टाकाऊ कचऱ्यापासून काय काय बनतं ते दाखवताना त्या माणसालाच टेबल, दिवा, कागद करून बसवलं. किती मोठ्या समूहाला हे लागेल, हे बैठकीत बसलेल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही किंवा आलेल्याने तोंड उघडलं नाही. ओरड झाल्यावर जाहिरात काढावी लागली. विषय चांगला होता, हेतूही वाईट नव्हता, पण हसू माणसावर जाऊन पडलं.

तुझ्या व्हिडिओतही तेच झालं आहे. त्या सुनेने दावा केलेला नाही, मजकूर तिने लिहिलेला नाही, तिला विचारणाराही कुणी नसेल. ती ज्या हेलात बोलते तो मिरज-सांगलीचा हेल आहे, तुझ्या घरात बोलला जाणारा. त्यावर सगळ्यात जास्त लोक हसले, हे आकड्यांनी तुला सांगितलं, पण त्या आकड्यांमागे बसून कोण हसत होतं याचाही विचार कर. बोलीला हसणारे लोक तुझ्याही बोलीला हसत असतात.

आणि त्या जाहिरातीत हसण्याजोगं काही नव्हतं का? मी ती पाहिलेली नाही, पण सराफांच्या जाहिराती मी पुष्कळ लिहिल्या आहेत. '५० टक्के सूट' हे अर्ध्या फलकाएवढं लिहितात आणि 'घडणावळीवर' हा शब्द खाली चिमूटभर. घडणावळ म्हणजे दागिना घडवण्याची मजुरी, किमतीतला लहान भाग. ती किती लावायची हे दुकानदार ठरवतो. आधी वाढवून मग अर्धी केली तर गिऱ्हाइकाला कळणार कसं? शिवाय १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याची ओळख सांगणारा सहा अक्षरी-अंकी क्रमांक, असावा लागतो आणि भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तो कुणालाही तपासता येतो. कुठल्या सराफाच्या जाहिरातीत नटीच्या हारापेक्षा हा क्रमांक मोठा दाखवलेला तू पाहिलास? हे घेऊन तू नवा व्हिडिओ कर, कुठल्याही एका दुकानाचं नाव न घेता. दिवाळीच्या किंवा पाडव्याच्या आधी कर, म्हणजे लोकांच्या उपयोगी पडेल.

नोटिशीची भीती बाळगून लिहू नकोस, पण तयारी ठेव. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या ५२ व्या कलमात टीका आणि समीक्षेसाठी मूळ कृतीचा वाजवी वापर करायला मुभा आहे. म्हणून क्लिप वापरायची तर जिच्याबद्दल बोलतो आहेस तेवढाच तुकडा, आणि त्यावर तुझं बोलणं हवं. अख्खी जाहिरात दाखवून शेवटी एक हशा, याला समीक्षा म्हणता येणार नाही. यूट्यूब मात्र न्यायालयाची वाट बघत नाही. ९० दिवसांत कॉपीराइटच्या तीन तक्रारी टिकल्या तर अख्खं चॅनल जाऊ शकतं. बोधचिन्हाच्या विडंबनाबद्दल विचारलं नाहीस तरी सांगते : ओडिशातल्या धामरा बंदरामुळे कासवांना धोका आहे हे सांगायला ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने टाटांच्या चिन्हाचा वापर करून एक ऑनलाइन खेळ काढला होता, आणि जानेवारी २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो तातडीने थांबवायला नकार दिला. पण बदनामीचा कायदा आजही फौजदारी आहे, भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात. तिथे नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. दाव्यावर हसलास, आकडे दाखवलेस, लेबलचा फोटो आणि तारीख जपून ठेवलीस, तर तुझी बाजू भक्कम असते. कुणाच्या दिसण्यावर, बोलण्यावर, घरावर हसलास तर लोकहित कुठून दाखवणार? नोटीस आलीच तर स्वतः उत्तर लिहीत बसू नकोस, त्याच दिवशी वकिलाकडे जा आणि संपादकांना कळव.

वडिलांशी वाद घालू नकोस. त्यांच्या पिढीला टिंगल आणि टीका यांत फरक दिसावा असं लेखन त्यांच्यासमोर येत राहिलं की त्यांचं मत आपोआप बदलेल. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने 'ललित' मासिकात मराठी लेखक-प्रकाशकांच्या वर्षानुवर्षं फिरक्या घेत होते आणि साहित्यावर प्रेम करणारी माणसं ते सदर चवीने वाचत होती. तुझ्याही सदरात ते प्रेम दिसू दे. चांगली जाहिरात आली तर तिचं मोकळेपणाने कौतुक कर. ती कुणी लिहिली ते शोधून त्याचं नाव दे. जाहिरातीवर लेखकाचं नाव नसतं, हे दुःख मला ठाऊक आहे.

आता कामाला लाग. तो व्हिडिओ आधी काढून टाक, ज्या ज्या ठिकाणी टाकला असशील तिथून; मित्राच्या खात्यावर असेल तर तिथूनही. 'काढू का?' असं तिला विचारत बसू नकोस, त्याने निर्णयाचं ओझं पुन्हा तिच्यावरच पडेल. काढल्यावर तिला चार ओळी लिही : मी तुमच्या बोलण्यावर विनोद करायला नको होता, व्हिडिओ काढला आहे, दुसऱ्या कुणी उचलून टाकलेला दिसला तर मला कळवा, तो काढायला मी मागे लागेन. तू हसत हसत केलंस वगैरे खुलासा नको. तिच्या मुलीची शाळा मिरजेतच असेल आणि तुझे व्हिडिओ तिथली पोरं बघत असतील, तर येत्या रविवारी सदराच्या पहिल्या परिच्छेदात तिचं नाव न घेता तेवढंच सांग, की एका बाईच्या बोलण्याची मी नक्कल केली होती, ती मागे घेतो. मग घडणावळीकडे वळ.